आगमनकाळ सुरू होतोय आणि मनात आशाच नाहीये? मग सुरुवात अंधारातूनच करा

आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार आणि मधले दिवस, प्रभूच्या येण्याची वाट बघायचा काळ. दरवर्षी नोव्हेंबर संपत आला की आमच्या चर्चच्या ग्रुपवर मेसेज सुरू होतात, चांदणी कोण आणणार, कॅरोल राउंडला टेम्पो कोणाचा, केकची ऑर्डर कधी द्यायची, आणि त्याच गडबडीत कुणीतरी मला पर्सनलवर लिहितं की ताई, यंदा काहीच वाटत नाहीये, रविवारी आशेची मेणबत्ती पेटवणार म्हणतात पण माझ्या आत सगळं विझलेलं आहे, मी काय करू. मी पाळक नाही की सिस्टर नाही, आमच्या स्त्रीमंडळात शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवते एवढंच. माहेर नगरचं प्रोटेस्टंट आणि सासर वसईचं कॅथलिक, त्यामुळे दोन्हीकडचा आगमनकाळ घरात एकत्र नांदतो आणि दोन्हीकडून मी जे शिकले, काही वर्षं अगदी रडत शिकले, ते इथे सविस्तर लिहितेय म्हणजे प्रत्येकीला वेगवेगळं टाइप करायला नको.

आधी तारीख नीट कळू द्या. चर्चचं वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही, ते आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होतं, आणि हा रविवार म्हणजे ३० नोव्हेंबरला, येशूचा शिष्य अंद्रिया याच्या सणाला, सगळ्यात जवळ पडणारा रविवार. म्हणून तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मध्येच कुठेतरी येतो. २०२६ ला २९ नोव्हेंबर, २०२७ ला २८ नोव्हेंबर, आणि २०२८ ला एकदम ३ डिसेंबर, त्या वर्षी आगमनकाळ फक्त २२ दिवसांचा. जास्तीत जास्त तो २८ दिवसांचा होऊ शकतो. ऑर्थोडॉक्स लोकांचा हिशोब वेगळा असतो, त्यांच्या बऱ्याच चर्चमध्ये वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं, मी इथे आपल्याकडच्या कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथॉडिस्ट वगैरे घरांसाठी लिहितेय. तारीख कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा, कारण हा रविवार अचानक येतो आणि आपण तेव्हा सेलमध्ये मुलांचे कपडे बघत असतो.

आता मुद्द्याचं. हा पहिला रविवार आशेचा. बहुतेकांना वाटतं आशेचा रविवार म्हणजे पहिल्याच दिवशी गोठा, मेंढपाळ, देवदूत, सगळं गोड. पण त्या दिवशी चर्चमध्ये जे वाचतात ते नीट ऐका. वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात, शुभवर्तमानांपैकी, म्हणजे येशूच्या चरित्राच्या पुस्तकांपैकी, एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि २०२६ च्या आगमनकाळापासून मार्कचं वर्ष सुरू होतं. तिन्ही वर्षांत पहिल्या रविवारी शुभवर्तमानात बाळ येशू कुठेच नसतो. असतं ते जगाच्या शेवटाबद्दल, जागे राहा, घरधनी कधी येईल माहीत नाही. मार्क १३ मध्ये तर वेळासुद्धा मोजून सांगितल्यात, संध्याकाळी, मध्यरात्री, कोंबडा आरवतो तेव्हा किंवा पहाटे, म्हणजे रात्रीचे चारही प्रहर. आणि त्याच्या जोडीला यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ६४ वा अध्याय, ज्यात लोक देवाला म्हणतात की आकाश फाडून खाली ये ना, आम्ही सगळे वाळक्या पानासारखे झालोय, आमचं सुंदर मंदिर जळून गेलं. म्हणजे चर्चचं नवीन वर्ष सुरू होतं ते एका तक्रारीने. मला हे कळलं तेव्हा इतकं हलकं वाटलं. मनात आशा घेऊनच आत यायचं अशी अट त्या दिवशी कुणीही घातलेली नाही. उलट ज्याचं घर जळालंय त्याचीच ओरड त्या दिवसाची पहिली प्रार्थना आहे.

तर पहिली गोष्ट ही करा, की त्या रविवारी खोटं हसू आणू नका.

आपल्या भाषेत आगमनकाळासाठी एक फार सुंदर शब्द आधीपासून आहे, आपण रोज वापरतो म्हणून लक्षात येत नाही. आपण म्हणतो "वाट बघतेय". वाट, म्हणजे रस्ता. मी दारात उभी राहून रस्त्याकडे बघतेय, कारण त्या रस्त्यावरून कुणीतरी येणार आहे. नुसता वेळ काढणं वेगळं, बस स्टॉपवर मोबाईल बघत बसणं वेगळं, आणि वाट बघणं वेगळं. आई संध्याकाळी पोरगा घरी आला नाही की कशी खिडकीत चार चार वेळा येते, हात कणकेचे असले तरी, तसं. आगमन म्हणजे कुणीतरी येणं, आणि आपल्याकडचं काम म्हणजे वाटेवर नजर ठेवणं. ख्रिस्ती आशा मला याच शब्दातून समजली. "सगळं छान होईल" हे मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. पण जो येतो म्हणाला तो शब्दाचा पक्का आहे, एवढ्यावर नजर वाटेवर ठेवायची. प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात ८ व्या अध्यायात हेच सांगितलंय, की जे दिसतंय त्याची कोण आशा धरतं, न दिसणाऱ्याची आपण धीराने वाट बघतो.

स्तोत्र १३० मध्ये पहारेकऱ्याची उपमा आहे, पहारेकरी पहाटेची जेवढ्या आतुरतेने वाट बघतो त्याहून जास्त माझा जीव प्रभूची वाट बघतो. आमच्या गावाकडे हे लगेच समजतं. शेतीची लाईट रात्रीची असली की माणसं थंडीत दारं धरायला जातात, कानाला मफलर, हातात बॅटरी, पाणी या सरीतून त्या सरीत वळवायचं, सापाची भीती, आणि पहाट कधी होते याच्याकडे डोळे लागलेले. पण तो माणूस पहाट होईल का अशी चिंता करत नाही. पहाट होणारच आहे, प्रश्न फक्त तोवर जागं राहून पाणी वळवत राहायचा आहे. माझ्या काकांनी एकदा प्रार्थनेत हे म्हटलं होतं आणि तेव्हापासून हे स्तोत्र मला त्यांच्याच आवाजात ऐकू येतं.

आणि वाट बघणं किती लांबतं याचं एक आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण. उत्तर भारतातल्या वेगवेगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्यांनी एक व्हायचं म्हणून बोलणी सुरू केली १९२९ साली. अँग्लिकन, मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, प्रत्येकाची रीत वेगळी, कुणी बाळांना बाप्तिस्मा देणारे, कुणी फक्त मोठ्यांना. मध्ये महायुद्ध झालं, देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली, ज्यांनी बोलणी सुरू केली त्यातले कितीतरी लोक प्रभूकडे गेले. शेवटी सहा मंडळ्या एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं ते २९ नोव्हेंबर १९७० ला, नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये. तो दिवस आगमनकाळाचा पहिला रविवार होता. २०२६ चा पहिला रविवारही बरोबर त्याच तारखेला येतोय. सुरुवात करणाऱ्यांना शेवट दिसला नाही, तरी त्यांनी वाट सोडली नाही, आणि मी लहानपणी ज्या चर्चमध्ये वाढले ते त्यांच्या त्या ४१ वर्षांवर उभं आहे.

पहिल्या रविवारची संध्याकाळ

चर्च तर करालच, पण खरं काम घरी संध्याकाळी आहे. नोव्हेंबरअखेर आपल्याकडे सहालाच अंधारून येतं. त्या वेळी टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत, आणि घरातले सगळे लाईट बंद करा. मेणबत्ती लगेच पेटवू नका. पाच मिनिटं नुसतं अंधारात बसा, मुलं असतील तर दोन मिनिटं पुरे. आधी विचित्र वाटेल, शेजाऱ्यांचा कुकर ऐकू येईल, गाड्या ऐकू येतील, मग हळूहळू आपल्या आतलं ऐकू यायला लागेल, आणि तेच हवंय.

मग टॉर्चच्या उजेडात एका कागदावर लिहा की कुठे आशा संपलीय. नेमकं लिहा. "जगात शांती नाही" असं मोघम नको. लिहा की नवऱ्याची दारू, लिहा की तिसऱ्यांदा गर्भ राहिला नाही, भावाने जमिनीसाठी बोलणं टाकलंय, मुलगा देवाचं नाव काढू देत नाही, रिपोर्ट यायचाय. प्रत्येक ओळीखाली एकच वाक्य, "प्रभू, मी वाट बघतेय." यापुढे सल्ला नको, वचन शोधून लावणं नको. कागदाची घडी घाला आणि शास्त्रात यशया ६४ च्या पानात ठेवा. हा कागद पूर्ण आगमनकाळभर तिथेच राहील, शेवटी लागणार आहे.

आता चार रविवारांच्या चार मेणबत्त्यांपैकी पहिली, आशेची, आणि एकच. लोकांना हे जड जातं, चारही पेटवल्या की फोटो छान येतो. पण एक मेणबत्ती अंधार घालवत नाही, ती फक्त समोरच्या माणसाचा चेहरा दाखवते, आणि पहिल्या आठवड्यात आपल्याला तेवढंच मिळणार आहे. दुसऱ्या रविवारी दुसरी, शांतीची, मग आनंदाची, मग प्रीतीची, काही चर्चमध्ये हा क्रम बदलतो त्याचा बाऊ करू नका. कॅथलिक घरात तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी असते.

हे मेणबत्त्यांचं चक्र आलं कुठून ते मुलांना जरूर सांगा. हॅम्बुर्ग शहरात योहान हिनरिख विखर्न नावाचे एक पाळक गरीब, निराधार मुलांचा आश्रम चालवायचे. मुलं रोज विचारायची नाताळाला किती दिवस राहिले, तर १८३९ मध्ये त्यांनी एका लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांच्या छोट्या लाल, रोज एक पेटवायची. ज्या पोरांना वाट बघण्यासारखं घर नव्हतं, आईबाप नव्हते, त्यांच्यासाठी तो केलेला. म्हणून महागातला विकतचा रीथ, म्हणजे हे चक्र, आणायची काहीच गरज नाही. स्टीलचं ताट घ्या, कडेने सुरूची डहाळी लावा, नाही मिळाली तर आंब्याची पानं, आणि मेणबत्त्या वाटीत वाळू घालून उभ्या करा म्हणजे कलंडत नाहीत. आमच्याकडे एका वर्षी मेणबत्त्या आणायच्या राहिल्या तर दिवाळीच्या उरलेल्या चार पणत्या ठेवल्या. एका मावशींनी विचारलं हे चालतं का. मला वाटतं चालतं, कारण त्याच यशया ६४ मध्ये लिहिलंय की आम्ही माती आणि तू कुंभार. तेव्हापासून आमच्याकडे पणत्याच असतात.

रोज काय वाचायचं

खूप नको. आशा संपलेल्या माणसाला अध्यायच्या अध्याय वाचवत नाहीत, मला माहीत आहे. रोज संध्याकाळी मेणबत्तीपाशी दहा ओळी, मोठ्याने. पहिला आठवडा यशया ६४ आणि स्तोत्र ८०, दुसरा यशया ४०, जिथे "माझ्या लोकांचं सांत्वन करा" असं सुरू होतं, तिसऱ्यात यशया ६१, चौथ्यात लूकचा पहिला अध्याय, मरीयेला दूत भेटतो तो. २०२६ मध्ये रविवारी चर्चमध्येही साधारण हेच येणार आहे. वाचल्यावर मिनिटभर गप्प बसा. वाटल्यास एखादं भजन म्हणा, आपल्याकडे कवी ना. वा. टिळकांच्या काळापासून मराठीत भजनांचा एवढा ठेवा आहे, पेटी वाजवणारं कुणी घरात असेल तर सोन्याहून पिवळं.

इथे एका वचनाबद्दल जरा जास्त बोलायचंय कारण ते फार चुकीच्या पद्धतीने दिलं जातं. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला भविष्य आणि आशा द्यावी असे आहेत. मगवर, फ्रेमवर, दहावीच्या पोरांच्या स्टेटसला, सगळीकडे हेच. वचन खरंच आहे, पण ज्यांना ते लिहिलं ते लोक यरुशलेमहून बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेले होते, गाव सुटलेलं, देऊळ सुटलेलं. आणि फ्रेमवर जे कधीच येत नाही ते बरोबर आधीच्या ओळीत आहे, की ७० वर्षं लागतील. सत्तर. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांनी यरुशलेम पुन्हा पाहिलं नसणार. त्यांना देव काय म्हणतो, तर घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलामुलींची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ही ख्रिस्ती आशा. लवकरचा वायदा नाहीये त्यात, पण आजच्या दिवशी कुदळ हातात घ्यायला सांगितलंय. कुणाचं नुकतंच माणूस गेलंय तर त्याला कृपा करून हे एकच वचन फॉरवर्ड करू नका, पाठवायचंच असेल तर ४ थ्या ओळीपासून पूर्ण वाचा त्याच्यासोबत बसून.

शेत विकत घ्या

हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे आणि तुम्ही बाकी काही केलं नाही तरी हे करा. यिर्मया ३२ वाचा. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याने वेढा घातलाय, शहर पडणार हे यिर्मया स्वतःच सांगत आलाय आणि त्यासाठीच राजाने त्याला पहाऱ्याच्या चौकात कोंडलंय. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो अनाथोथचं माझं शेत तू विकत घे. ज्या जमिनीवर शत्रू आलाय ती जमीन. आणि देव म्हणतो घे. तो १७ शेकेल रुपं तोलून देतो, खरेदीखत लिहितो, साक्षीदारांच्या सह्या, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी, आणि आपला लेखनिक बारूख याला सांगतो की हे कागद मातीच्या मडक्यात ठेव म्हणजे बरेच दिवस टिकतील. सातबारा आणि खरेदीखतासाठी तलाठ्याकडे आणि रजिस्ट्रार ऑफिसात खेटे घातलेल्या आपल्या लोकांना हा अध्याय जेवढा कळेल तेवढा कुणाला कळणार नाही. सगळं शहर जळायला आलंय आणि हा माणूस कागदपत्रं पक्की करतोय, कारण या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील असा शब्द मिळालाय.

तर पहिल्या आठवड्यातच तुमचं असं एक शेत निवडा. कागदावर जिथे आशा संपली असं लिहिलंय त्यातल्याच एखाद्या ओळीसाठी एक छोटं, खरं, हाताने करायचं काम. भाऊ बोलत नसेल तर फोन उचलणार नाही हे माहीत असूनही त्याच्या मुलाच्या वाढदिवसाला कार्ड पाठवा. नोकरी गेली असेल तर त्या कोर्सचा फॉर्म भरा. आमच्या एका बाईंनी मुलगा चर्चला येत नाही म्हणून त्याच्यासाठी बाकावर आपल्या शेजारची जागा धरायला सुरुवात केली, दर रविवारी रुमाल टाकून. लोक विचारायचे कोण येतंय, त्या म्हणायच्या मुलगा. तो त्या वर्षी आला नाही, पुढच्याही नाही, रुमाल अजून पडतोय. यशाची खात्री असेल तर ते शेत नाहीच, ते नुसतं चांगलं डील झालं.

२०२३ च्या नोव्हेंबरअखेर नाशिक, निफाडकडे अवकाळी आणि गारपीट झाली, आगमनकाळ सुरू व्हायला एक आठवडा होता आणि द्राक्षबागा झोपल्या. त्या वर्षी आमच्या ग्रुपमध्ये आम्ही हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा शेवट वाचला, अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्ष नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. वाचताना मी मध्येच थांबले, पुढचं "तरी" तोंडातून निघेना. ते "तरी" कुणी लादायचं नसतं, ते त्या शेतकऱ्याने स्वतः म्हणायचं असतं, आणि त्याला म्हणायला दोन महिने लागले तरी चालतील. तोवर आपण त्याच्या बांधावर जायचं, डाळतांदूळ घेऊन. आगमनकाळात दान आहे ते यासाठी.

नाचणी

मुलं असलेल्या घरांसाठी, आणि खरं तर मोठ्यांसाठीही. वसईला सासूबाई नाताळात मांडायच्या येशूजन्माच्या गोठ्याच्या हिरवळीसाठी नाचणी पेरायच्या, गोव्याकडेही करतात, काही घरी गहू किंवा मेथी. पसरट ताटली किंवा दुधाच्या पिशव्यांचा जुना ट्रे घ्या, खाली पाणी जायला भोकं, दोन बोटं माती, नाचणी रात्रभर भिजवून वर दाट पसरा, त्यावर अगदी पातळ माती चाळून. पहिले दोन तीन दिवस ओल्या फडक्याने झाकून अंधारात ठेवा, पाणी हाताने शिंपडा, ओतू नका, नाहीतर दाणे एका कोपऱ्यात गोळा होतात आणि कुजतात. कोंब दिसले की उजेडात. साधारण १० ते १२ डिसेंबरला पेरलं तर नाताळापर्यंत वीतभर नाही पण चार बोटं दाट हिरवं येतं, फार आधी पेरलं तर आडवं पडतं.

मुलं दुसऱ्याच दिवशी फडकं उचलून बघतात आणि म्हणतात काही झालं नाही. तेव्हा त्यांना इशायाच्या, म्हणजे दावीद राजाच्या वडिलांच्या, बुंध्याची गोष्ट सांगा, यशया ११, झाड तोडलं, फक्त खोड उरलं, दाविदाचं राजघराणं संपलं असं सगळ्यांना वाटलं आणि त्याच खोडातून धुमारा फुटला. सासूबाई काही सांगायच्या नाहीत, त्या फक्त म्हणायच्या "झाक ते, त्याचं त्याला करू दे".

अजिबातच जमत नसेल तेव्हा

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये माझे पप्पा गेले. पाच आठवड्यांनी आगमनकाळाचा पहिला रविवार, सगळं चर्च उभं राहून गात होतं आणि माझं तोंड उघडेना. मी पुस्तक धरून नुसती उभी. शेजारी एक म्हाताऱ्या आत्याबाई होत्या, त्यांनी माझ्याकडे न बघता हळूच म्हटलं, "तू नको म्हणू पोरी, तुझ्या वाट्याचं आम्ही म्हणतो," आणि खरंच जास्त जोरात म्हणायला लागल्या, चढ्या, थरथरत्या आवाजात. मार्क २ मध्ये त्या पक्षाघाती माणसाला चौघे छपरातून खाली सोडतात, आणि येशूने त्यांचा विश्वास पाहिला असं लिहिलंय. आशेचंही तसंच आहे असं मी त्या दिवशी शिकले. ती एकट्याने धरायची चीज नाही, एखाद्या वर्षी आपण बाजेवर असतो, एखाद्या वर्षी बाजेचा कोपरा धरायला.

म्हणून तुमचं मन बंद असेल तर आशा वाटायची सक्ती स्वतःवर करू नका, फक्त जिथे दुसरे लोक वाट बघताहेत तिथे जाऊन बसा. मागच्या बाकावर बसा, मिस्सा अर्धी सोडून या, चालेल. घरात यंदा दुःख असेल तर चांदणी लावली नाही, फराळ केला नाही म्हणून देव रागावत नाही. आणि ज्यांच्या घरी सगळं नीट आहे त्यांनी पहिल्या रविवारी चर्चमध्ये जरा नजर टाका, यंदा पहिल्यांदाच एकटं कोण बसलंय, आणि त्याच्या बाकावर जाऊन बसा. "कसं वाटतंय" विचारायची गरज नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. झोप नाही, जेवण नाही, जगावंसं वाटत नाही असं आठवडे आठवडे चाललं असेल तर प्रार्थनेसोबत डॉक्टरकडे जा. सरकारची टेली मानस ही १४४१६ नंबरची हेल्पलाइन आहे, मोफत, मराठीतही बोलता येतं. "विश्वास कमी पडला" असं कुणी म्हणालं तर त्यांना एलियाची गोष्ट वाचायला द्या, १ राजे १९, रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या त्या संदेष्ट्याला देवाने आधी झोपू दिलं, मग भाकर दिली आणि पाणी दिलं, बोलणं नंतर केलं.

शेवटचा आठवडा

१७ ते २३ डिसेंबर हे सात दिवस वेगळे असतात. जुन्या काळापासून कॅथलिक सायंप्रार्थनेत या सात दिवशी येशूला रोज एका नावाने हाक मारतात, हे ज्ञाना, हे प्रभू, हे इशायाच्या मुळा, हे दाविदाच्या किल्ली, हे उगवत्या सूर्या, हे राष्ट्रांच्या राजा, हे इम्मानुएल, आणि प्रत्येक हाकेनंतर "ये". लॅटिन नावांची पहिली अक्षरं शेवटाकडून उलटी वाचली तर "एरो क्रास" असं होतं, म्हणजे "उद्या मी असेन". आम्ही घरी हे अगदी साधं करतो, रोज रात्री झोपायच्या आधी ते एक नाव आणि "ये". उगवत्या सूर्याची हाक २१ डिसेंबरला येते, वर्षातली सगळ्यात मोठी रात्र त्याच सुमाराला असते, पुण्याला त्या वेळी दिवस साधारण ११ तासांचाच. त्या रात्री पुन्हा एकदा लाईट बंद करून बसा, पहिल्या रविवारसारखं. आता तीन किंवा चार ज्योती पेटलेल्या असतील, फरक डोळ्यांना दिसेल.

आणि २४ च्या संध्याकाळी गोठा मांडताना नाचणीचा ट्रे पुढे ठेवला की शास्त्रातून तो कागद काढा. उघडून वाचा. काही ओळी खोडता येतील, काही येणार नाहीत, काहींमध्ये तुमचं त्या शेतावरचं एखादं काम सुरू झालेलं असेल. मग घडी घालून गव्हाणीतल्या गवताखाली ठेवा आणि वर बाळ येशू. आमच्याकडे हे काम सगळ्यात लहान पोरगी करते. गोठा उचलताना कागद फेकायचा नाही, पुढच्या आगमनकाळात नवीन लिहायच्या आधी तो वाचायचा. माझ्या २०१९ च्या कागदावर एकच ओळ आहे, "पप्पा", आणि खाली "प्रभू, मी वाट बघतेय". ती ओळ खोडायची वेळ या जन्मात येणार नाही हे मला कळतं, पुनरुत्थानाच्या दिवशीच ती खोडली जाईल. तो कागद मी दरवर्षी पुन्हा गवताखाली ठेवते.